वहिनी, डबा रिकामाच आणतोय

आदरणीय वहिनी,
ख्रिस्तात सप्रेम सलाम.

हे समोर बसून सांगायला हवं होतं, पण तुमच्यापुढं जीभ उचलत नाही. शिवाय जे मी इतकी वर्षं मंडळीत मिरवलं, ते चारचौघांतच खाली ठेवावं, म्हणून हे उघडं पत्र.

पावसाळ्यात जिन्यावरून घसरलो, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन शाहूपुरीतल्या घरी आलो, त्या दिवशीच तुम्ही डबा आणलात. "कशाला त्रास? मेस लावलीय," म्हणून मी तो दारातूनच परत पाठवला. मेस लावली नव्हती. चहात बिस्किटं बुडवून खात होतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही काही न विचारता आत आलात आणि पायाचं सूप वाटीत ओतलंत. वर तुपाचा पिवळा तवंग, मिरीचा वास. "हाडाला चांगलं असतंय भावजी, गरम हाय तवर घ्या."

मी घेतलं. तुमची पाठ वळताच उशीखालची वही काढून लिहिलं : सोमवार, सूप, दोन भाकरी, खर्डा. सात आठवडे रोज लिहीत होतो. कुणाचं खाल्लेलं अंगावर ठेवायचं नाही, हा आमच्या घरचा बाणा. १८५२ साली मिशनरी वाइल्डर साहेब कोल्हापुरात आले, त्या पिढीपासूनचं आमचं ख्रिस्ती घर. आमचा हात कायम देणारा. याला मी स्वाभिमान म्हणायचो. तो गर्व होता, वहिनी.

मी पाकीट पुढं केलं, तेव्हा तुम्ही हात मागं घेतलात. "ह्याचं पैसं घेतलं तर मी खानावळवाली झाले की."

त्या रात्री झोप लागली नाही. तारण कृपेनं, कर्मांनी नव्हे, कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून : इफिसकरांस पत्रातलं हे वचन मला तोंडपाठ. शब्बाथशाळेत नामानाची गोष्ट तर कितीदा शिकवली. अरामाचा सेनापती, अंगावर कोड. निघाला तो १० किक्कार रुपं, ६,००० शेकेल सोनं आणि १० पोशाख घेऊन. संदेष्टा अलीशाचा निरोप एवढाच : यार्देन नदीत सात वेळा बुडी मार. तो चिडला. फुकटचं आणि इतकं सोपं त्याच्या मानाला सोसेना. बरा झाल्यावरही भेट घ्याच म्हणून हटून बसला, अलीशानं काही घेतलं नाही. मग त्या बड्या माणसानं हात पसरला : दोन खेचरांच्या ओझ्याइतकी माती द्या. ते मागणं मी मुलांना कधी नीट सांगितलंच नाही, कारण मलाच ते कळलं नव्हतं.

तुमचे मनापासून आभार. त्या सुपाचे, आणि पाकीट न घेतल्याचे त्याहून जास्त. वही फाडून टाकली.

आता मीही एक मागतो. देवळाच्या पायऱ्या अजून एकट्यानं चढवत नाहीत. रविवारी उपासनेला तुमच्या हाताचा आधार द्याल का?

तुमचा शेवटचा डबा घासून ठेवलाय. रिकामा डबा परत करू नये म्हणून त्यात साखर भरली होती. आज सकाळी ती काढली. रिकामाच आणतोय.

तुमचा,
भावजी