नामावळ्या वाचवणाऱ्या अभियंत्यास आभारपत्र

आदरणीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

यजमानांच्या नामावळ्यांची, म्हणजे त्यांच्या पूर्वजांच्या नोंदवह्यांची, छायाचित्रे ज्या संगणकावर आम्ही साठवली आहेत, तो वीज गेल्यानंतर सुरूच होईना, तेव्हा आपण सातपूरहून कामावरून परस्पर पंचवटीत आलात, त्याबद्दल हे जाहीर आभार. नाव छापू नये असे आपण बजावल्यामुळे ते लिहीत नाही.

‘फॉरमॅट करून टाका’ हा सल्ला आम्हाला आधीच मिळाला होता. आपण मात्र पेन ड्राइव्हवरील लिनक्सने संगणक सुरू केलात, डिस्क माउंट न करता, म्हणजे तिच्यातील फाइली न उघडता, तिचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच ठेवते ती आपल्या प्रकृतीची नोंद) वाचलात आणि वाचता न येणाऱ्या सेक्टरांचा (डिस्कवरील छोट्या कप्प्यांचा) आकडा दाखवून म्हणालात, “आधी प्रत, मग तपासणी.” डीडीरेस्क्यू या बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणाऱ्या आज्ञेने नव्या डिस्कवर प्रत उतरेपर्यंत आपण मूळ डिस्कवर काहीही लिहू दिले नाही.

प्रतीवर ई२एफएससीके ही फाइलींची मांडणी तपासणारी आज्ञा चालवताच क्षणात ‘क्लीन’ असे उत्तर आले आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. आपण मात्र थांबला नाहीत. एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइल-मांडणीमध्ये जर्नलमधील, म्हणजे बदल आधी टिपून ठेवणाऱ्या नोंदीमधील, पूर्ण झालेले व्यवहार जागच्या जागी उतरवले जातात, अर्धवट राहिलेले सोडून दिले जातात, आणि तेवढ्यावर ही आज्ञा समाधान मानते, असे आपण सांगितलेत. रोजकीर्दीवरून खतावणी पुरी केली, तरी खतावणीचे जुने पान कसरीने खाल्ले आहे का, हे त्यातून कळत नाही, हे आम्हा वह्या राखणाऱ्यांना लगेच पटले. मग ‘-एफ’ने सक्तीची पूर्ण तपासणी, तीही आधी ‘-एन’ जोडून केवळ वाचण्यापुरती; सगळ्या तक्रारी पाहून झाल्यावरच दुरुस्तीला ‘हो’. माझ्या मते आपले खरे कसब या सबुरीत होते.

एका फोल्डरची नोंदच खराब झाल्यामुळे त्यातील छायाचित्रे ‘लॉस्ट प्लस फाउंड’ या बेवारस फाइलींच्या फोल्डरमध्ये नावांऐवजी आयनोडचे (फाइलच्या अंतर्गत नोंदीचे) क्रमांक घेऊन पडली होती. आपण माझ्या शेजारी बसून एकेक उघडलेत, मी मोडीतील गावाचे नाव वाचायचे आणि आपण फाइलला ते द्यायचे, असे करत सिन्नर, निफाड, येवले पुन्हा आपापल्या जागी गेले. त्यांतील काही वह्या इतक्या जीर्ण आहेत की त्या पुन्हा उलगडता येणार नाहीत.

आपल्या सूचनेप्रमाणे आणखी एक प्रत इंदिरानगरला मुलीकडे ठेवली आहे. आपण मोबदला घेतला नाहीत. निदान आपले मूळ गाव आणि आडनाव कळवावे, म्हणजे आपल्या पूर्वजांची नोंद आमच्याकडे असल्यास शोधून ठेवीन.

आपला कृतज्ञ,
एक तीर्थोपाध्याय, पंचवटी, नाशिक