सूचना : लेखनचोरीचे आरोप आणि रविवारची बैठक

सर्व सदस्यांस,

आपल्या मंचावर लेखनचोरीच्या आरोपांवरून दोन सदस्यांत सध्या चाललेली खडाजंगी सगळ्यांनी पाहिली आहे. त्यासाठी येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता व्हिडिओ कॉलवर बैठक आहे. लिंक दुपारी मिळेल. वादातल्या दोघांनीही हजर राहायचंच आहे. बाकीच्यांनी जरूर यावं, पण मध्ये तोंड घालू नये.

तोवर एवढं पाळा :

• आरोप करायचा तर मूळ मजकूर, नक्कल म्हणता तो मजकूर आणि दोन्हींच्या तारखा संचालकांकडे पाठवा. "सगळ्यांना माहीत आहे" हा पुरावा नव्हे.

• नुसता स्क्रीनशॉट चालणार नाही. ब्राउझरमध्ये पानावरचा मजकूर बदलून त्याचं चित्र काढायला मिनिटही लागत नाही. लिंक द्या, जमलं तर वेबॅक मशीनवरची (वेबपानांच्या जुन्या प्रती जतन करणारी साइट) प्रत जोडा. तिच्यावर तारीख-वेळ असते. अर्थात ती जतन केल्याची, लिहिल्याची नव्हे.

• कल्पना सारखी असणं म्हणजे चोरी नाही. कॉपीराइट कल्पनेला नव्हे, तिच्या शब्दांतल्या मांडणीला असतो. वाक्यंच्या वाक्यं जुळली तर बोला.

• ज्याच्यावर आरोप आहे त्याने रागाच्या भरात लेखन उडवू नये. आपल्याच बाजूचा पुरावा जातो.

टोपणनावाने दुसरं खातं काढून स्वतःचीच री ओढणाऱ्याला थेट वगळलं जाईल. (लिहिण्याची ढब लपत नाही, बरं का.)

आरोप खोटा ठरला तर जिथे केला तिथेच, सर्वांसमोर मागे घ्यावा लागेल. खासगीत "सॉरी" म्हणून भागणार नाही.

पुरावे शनिवारी रात्री ९ पर्यंत.

– संचालक