‘ओके’ची जन्मकथा

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

भित्तिपत्रकासाठी लिहिलेला मजकूर वाचला. ‘ओके’ची तू दिलेली गोष्ट मी पूर्वीही ऐकली आहे: अमेरिकेतल्या यादवी युद्धात छावणीवर पाटी लागायची, तिच्यावर शून्य आणि ‘किल्ड’चा ‘के’, म्हणजे आज आपला एकही माणूस ठार नाही. गोष्ट लगेच मनात बसते. पण ते युद्ध सुरू झालं १८६१ साली आणि हा शब्द त्याच्या बावीस वर्षं आधीच छापून आला होता. तेव्हा ही गोष्ट छापू नकोस.

तो छापील पुरावा मिळतो २३ मार्च १८३९च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये. त्या काळी बोस्टनच्या पत्रकारांना मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करायचं आणि त्याची आद्याक्षरं छापायची खोड लागली होती. ‘ऑल करेक्ट’चं स्पेलिंग त्यांनी ‘ओ’ आणि ‘के’ने सुरू केलं. ‘ऑल राइट’चंही त्यांनी ‘ओ. डब्ल्यू.’ केलं होतं, ते आज कुणाला ठाऊकही नाही. मग ‘ओके’च कसं तगलं? १८४०ची निवडणूक मदतीला आली. राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहूक गावचे, म्हणून समर्थक त्यांना ‘ओल्ड किंडरहूक’ म्हणत. त्याच आद्याक्षरांवरून समर्थकांनी ओके क्लब काढले. विरोधकांनी त्याच दोन अक्षरांचे टिंगलीचे अर्थ लावले. व्हॅन ब्यूरेन हरले, पण अक्षरं देशभर पोचली. पुढे तारयंत्रावर ‘निरोप मिळाला’ म्हणायला ती सोयीची ठरली.

हे सगळं शोधून काढलं कोलंबिया विद्यापीठातल्या ॲलन वॉकर रीड यांनी. जुनी वर्तमानपत्रं चाळून त्यांनी १९६३-६४मध्ये लेख लिहिले. तोवर ज्याला जे आवडेल ते तो सांगे. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन तर हा शब्द चोक्टॉ या मूळ अमेरिकन लोकांच्या भाषेतला आहे असं मानून कागदांवर ‘ओके’च्या जागी ‘ओकेह’ असा शेरा मारायचे. ग्रीक माणसाला विचार, तो ‘ओला काला’, म्हणजे सगळं छान, हे मूळ सांगेल. आपल्या भाषेने जगाला शब्द दिला असं वाटणं मी समजू शकते. पण दोन भाषांत सारखा आवाज सापडणं अगदी सोपं असतं. तो शब्द एका तोंडून दुसऱ्या तोंडी कधी आणि कुठे गेला, ते दाखवता आलं पाहिजे.

एका दाव्यापाशी मात्र मी थांबते. पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेत ‘वाव’ म्हणजे हो, आणि त्याला जोर द्यायला पुढे ‘के’ लावतात. गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या लोकांबरोबर हा शब्द तिथे पोचला, असं भाषातज्ज्ञ डेव्हिड डॅल्बी यांनी मांडलं. सलग पुरावा नाही, म्हणून बहुतेक अभ्यासक ते मानत नाहीत, आणि आज तरी मीही रीड यांच्या बाजूने आहे. पण सई, त्या माणसांचं बोलणं लिहून ठेवणार कोण होतं? कित्येक ठिकाणी त्यांना लिहायला-वाचायला शिकवणं हाच कायद्याने गुन्हा होता. बोस्टनच्या संपादकाची थट्टा कागदावर राहिली, मळ्यात राबणाऱ्या बाईचा होकार राहिला नाही. म्हणून हा दावा मला त्या शून्याच्या गोष्टीच्या पंक्तीला बसवायचा नाही. शून्याची गोष्ट खोटी ठरली आहे, हा दावा सिद्ध झालेला नाही.

आपल्याकडच्या ट्रकमागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ही असंच. कुणी म्हणतं, दुसऱ्या महायुद्धात ट्रक रॉकेलवर चालत, तेव्हा ‘ऑन केरोसीन’ असा इशारा लिहीत. कुणी म्हणतं, टाटांच्या ओके साबणाची ती जाहिरात. उगाच हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं म्हणून २०१५ साली महाराष्ट्रात ही अक्षरं लिहायला बंदी झाली, हे मात्र कागदोपत्री आहे. जुन्या ट्रकचे तारीख असलेले फोटो कुणी जमवले, तर बाकीचंही तपासता येईल. तुझ्या वर्गातल्या कुणाच्या घरी ट्रकचा धंदा असेल तर विचारून बघ.

मजकुरात बोस्टनची तारीख घाल. वोलोफचा दावाही घाल, दावा म्हणूनच. शुक्रवारी लावायचं आहे ना? उद्या रात्रीपर्यंत पाठवलंस तर मी शुद्धलेखन बघून देईन.

तुझी,
आई