साहेब, भाडेकरारात फक्त एक नाव बदलायचंय

मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य
स. न. वि. वि.

साहेब, नोंदणी आणि मुद्रांक खातं तुमच्याकडे येतं म्हणून तुम्हालाच लिहितोय. काम म्हटलं तर एका ओळीचं आहे. चार जणांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमधला एक जण पाचव्या महिन्यात नोकरी बदलून दुसऱ्या शहरात गेला, त्याच्या जागी मी आलो, आता रजिस्टर झालेल्या लिव्ह अँड लायसन्स करारातून त्याचं नाव काढून माझं घालायचंय. बास.

एजंट म्हणाला नाव ॲड वगैरे काही नसतं, जुना रद्द करा आणि नवा करा. आता नवा करायचा म्हणजे मालक, आम्ही चौघं, दोन साक्षीदार, सगळ्यांचं परत आधार, परत अंगठा, परत फोटो, वर जुना रद्द करायला गेलेल्याचीही सही पाहिजे, आणि तो तर आता फोनसुद्धा उचलत नाही. पैशाचं म्हणाल तर फार नाहीये, एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, शहरात नोंदणी फी १,००० रुपये, चौघांत वाटलं की संपलं. पण एवढ्या लोकांना एकाच आठवड्यात अंगठ्याच्या मशीनपाशी आणून दाखवा बरं कुणी.

मग मी सगळे करतात तेच केलं, नेटवरून ‘सबलीज ॲग्रीमेंट’चा, म्हणजे पोटभाडेकराराचा, फॉरमॅट उतरवला. छान होता, फक्त आपल्याकडे त्याचा उपयोग शून्य. कारण आपण ज्याला भाड्याने राहणं म्हणतो ते कागदावर भाडं नसतंच, लायसन्स असतं, म्हणजे १८८२ च्या इझमेंट कायद्यातल्या कलम ५२ प्रमाणे नुसती राहण्याची परवानगी. घरात आपला कसलाही हक्क तयार होत नाही, आणि जे आपल्याकडे नाहीच ते दुसऱ्याला कसं देणार? कलम ५६ सांगतंच की अशी परवानगी सहसा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आणि लायसन्स नसून खरेखुरे भाडेकरू असलात तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम २६ पोटभाडेकरू ठेवायला मनाई करतं, करारात तशी मुभा असेल तरच जमतं. म्हणजे आपसात सह्या करून केलेला कागद मालक सोबत नसेल तर रद्दीच, उलट मालकाच्या हातात घर खाली करायला लावायचं कारण.

मालकही वाईट माणूस नाही. त्याला भीती एवढीच की नवं नाव आलं की नवा माणूस ठाण मांडून बसेल. त्याला मी समजावलं की भाडे नियंत्रण कायद्याचंच कलम २४ तुमच्याच बाजूचं आहे, मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन घर परत मिळतं आणि खाली केलं नाही तर करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने वसुली. त्याला पटलं. पण पटूनही करायचं काय, तर तोच अख्खा नवा करार!

खरी गोची डिपॉझिटची आहे आणि याबद्दल कुणी बोलत नाही. जाणारा आपला वाटा मालकाकडून मागत नाही, येणाऱ्याकडून घेतो. मीही तसाच मोबाईलवरून त्याच्या खात्यात टाकला. मालकाच्या हिशोबात काहीच हललं नाही, मुदत संपली की तो पूर्ण रक्कम करारात पहिलं नाव असलेल्याला देणार आणि तो चांगला असला तर मला माझा वाटा देणार. माझ्याकडे पुरावा म्हणून एक स्क्रीनशॉट. बँकेत पत्ता बदलायला गेलो तर करार मागितला, त्यात मी नाही. पोलिसांकडे भाडेकरूंची माहिती गेली त्यात अजून गेलेल्याचंच नाव, म्हणजे जो राहत नाही तो रेकॉर्डवर आणि जो राहतो तो पाहुणा.

गंमत बघा, भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, जबाबदारी मालकाची, नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. (११ महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही हा समज आपल्याकडे चालत नाही, तरी लोक अकराच लिहितात.) एवढा कडक नियम करायचा आणि मधल्या बदलाची वाट मात्र इतकी खडतर ठेवायची की सरळ माणूससुद्धा ‘जाऊ दे ना’ म्हणेल.

मागणी छोटी आहे. मूळ दस्त क्रमांकाला जोडलेला एका पानाचा पुरवणी करार ऑनलाइन ठेवा, अंगठा फक्त तिघांचा, जाणारा, येणारा आणि मालक. जाणारा सापडतच नसेल तर त्याला नोटीस पाठवून ठरावीक दिवसांनी त्याचं नाव आपोआप निघावं. भाडं, डिपॉझिट, मुदत तीच असेल तर मुद्रांक शुल्क परत घेऊ नका. डिपॉझिटमध्ये कोणाचा किती वाटा हा रकाना टाकाच, बाकी काही नाही केलंत तरी एवढं करा. आणि तीच माहिती थेट पोलिसांकडे जाऊ दे. कल्पना माझी नाही, केंद्राने राज्यांसाठी नमुना म्हणून काढलेल्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात पोटभाडेकरूसाठी पुरवणी कराराचीच वाट दिलेली आहे.

तोपर्यंत पोस्टमनने माझं नाव विचारलं तर वॉचमन सांगतो, असं कुणी इथे राहत नाही.

आपला,
करारात नाव नसलेला एक भाडेकरू