कल्हईवाले चाचा आणि कथिलाची कुरकुर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वाईच्या पेठेत उभा जन्म भट्टीपुढे बसलेले कल्हईवाले चाचा नुकतेच गेले. लग्नसराईतले घरोघरचे हंडे असोत की कृष्णाबाईच्या उत्सवातल्या महाप्रसादाची पातेली, सगळी त्यांच्या हाताखालून जात. नातवंडांचे ते नाना, बाकी सगळ्या गावाचे चाचा. त्यांचे काम नीट समजावे म्हणून आम्ही शेजारी हे पत्र लिहीत आहोत.

कल्हई म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून दिलेला कथिलाचा (टिनचा) पातळ थर. तिचे निम्मे काम भट्टीआधीच होते. भांडे आधी जाळावर धरून तेलकटपणा जाळायचा, मग तेजाबाचे (आम्लाचे) पाणी फिरवून वाळू आणि काथ्याने घासायचे. मोठ्या पातेल्यात चाचा स्वतः उभे राहत आणि भिंतीला धरून पायांनी गोल फिरत घासत. आतून धातू एकसारखा उजळला नाही, तर ते भांडे पुढे सरकत नसे. कारण मळ राहतो तिथे कथील धरत नाही; तेवढा ठिपका उघडा राहतो आणि ताक नेमके तिथे कळकते.

भट्टी म्हणजे वीतभर खोल खड्डा, त्यात कोळसा आणि खालून भात्याची नळी. सांडशीत धरलेले भांडे चहूबाजूंनी तापले की आत नवसागराची (अमोनियम क्लोराइडची) पूड भुरभुरायची. भसकन पांढरा धूर येतो. तापलेल्या धातूवर चढलेला काळपट गंजाचा थर हा नवसागर खातो, म्हणून तो टाकल्या टाकल्या कथील फिरवावे लागते. कथिलाची कांडी टेकवली की टोक लोण्यासारखे विरघळले पाहिजे. दोघांच्या आमटीच्या पातेल्याला दोन-तीन हरभऱ्यांएवढे कथील पुरते; कापसाच्या बोळ्याने ते तळापासून काठापर्यंत एका दमात पसरायचे आणि भांडे पाण्यात बुडवायचे.

खरी कसोटी आंचेची. भांडे थंड असले तर कथिलाच्या गाठी होऊन त्या बोळ्यामागे ओढल्या जातात. फार तापले तर कथील जळते, पिवळट-निळसर पडते आणि लकाकी जाते. कथील २३२ अंशांना वितळते, पण चाचांकडे तापमापक कधीच नव्हता. भात्यावर बसलेल्या नातवाला ते फक्त ‘बस’ म्हणत, आणि तो ‘बस’ चुकत नसे.

त्यांच्याबद्दल आम्हाला सर्वात जास्त आदर वाटतो तो शिशाच्या बाबतीत. कथील महाग, शिसे स्वस्त. शिसे मिसळले की मिश्रण लवकर वितळते, कोळसाही वाचतो. भांडे दिसायला तेवढेच चकचकीत, म्हणून गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. पण चिंचेच्या आमटीबरोबर ते शिसे पोटात जाते आणि त्याचा सर्वात मोठा धोका लहान मुलांना असतो. चाचा नवी कांडी गिऱ्हाइकाच्या कानाशी धरून वाकवीत. शुद्ध कथील वाकताना कुरकुरते, शिशाची कांडी मुकाट वाकते. शिसे कागदावर काळसर रेघ ओढते, तेही ते दाखवीत. कल्हई करून घेणाऱ्या प्रत्येकाने ही कांडी वाकवून दाखवायला सांगावे. प्रामाणिक कारागिराला त्याचा राग येत नाही.

हल्ली पितळी भांडी हौसेने पुन्हा घरात येत आहेत, याचा आनंद आहे. मात्र कल्हईचे भांडे रिकामे गॅसवर ठेवू नये. बघता बघता कथील वितळून तळाशी गोळा होते. तारेच्या घासणीने घासू नये. आतून तांबूस किंवा पिवळा धातू डोकावू लागला की आंबट पदार्थ त्यात करणे थांबवावे. रोजच्या वापरात ही वेळ साधारण चार-सहा महिन्यांनी येते.

चाचांचा नातू आता त्याच जागी भट्टी लावतो. भात्याऐवजी हाताने फिरवायचा पंखा आला आहे, बाकी रीत तीच. त्याच्याकडे भांडे नेताना डाख लावून बुजवलेले भोक असेल तर आधी दाखवावे. डाख (कथील-शिशाचे जोडकामाचे मिश्रण) कथिलाच्याही आधी वितळतो आणि भट्टीवर ते भोक पुन्हा उघडते.

आपले,
पेठेतील काही शेजारी, वाई (जि. सातारा)