मंडईतल्या मावशींना

मावशी, नमस्कार.

पुण्याच्या महात्मा फुले मंडईबाहेर, 1886 पासून उभ्या असलेल्या त्या दगडी इमारतीच्या सावलीत तुम्ही पालेभाजी घेऊन बसता. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याची नोकरी गेली आणि त्याच महिन्यात लेकीचं हिमोग्लोबिन 8.9 निघालं. सकस म्हणजे महाग, एवढंच माझ्या डोक्यात. ताकदीच्या पावडरीचा डबा आणला, त्यातच आठवड्याच्या भाजीचे पैसे गेले. तुमच्यासमोर उभी राहून मी चिल्लर मोजत होते. तुम्ही विचारलंत, "पोरी, घरात कोन आजारी हाय का?"

तोवर कुणीच विचारलं नव्हतं. मी तिथेच रडले.

तुम्ही राजगिऱ्याची गड्डी उचललीत आणि एक देठ माझ्या कानाजवळ धरून मोडलात. कट्कन आवाज आला. "असा मोडला तर कवळा. नुसता वाकला, दोरा निघाला, की निबर. मग फुकट दिला तरी घेऊ नको." दुसऱ्या गड्डीतला देठ माझ्या हातात दिलात आणि मोडायला लावलात. भाजी मोडून बघणाऱ्या गिऱ्हाइकावर विकणारे रागावतात, तुम्ही मात्र स्वतःच्याच मालाची पारख मला शिकवलीत. हे मी जन्मभर विसरणार नाही.

मुळ्याचा पाला तोडून ठेवा म्हटलं, तेव्हा मात्र रागावलात. त्याच पाल्याला डाळीचं पीठ पेरलं की दुसऱ्या दिवसाची भाजी होते. मोडाची मटकी पाकिटातली घेऊ नको, भुसाराच्या दुकानातून सुटी आण, हेही तुमचंच. अर्धा किलो मटकी भिजवून मोड आणले की किलोच्या वर भरते. हुलगे आणि नाचणी तेव्हापासून घरात आली. 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं हे मला नंतर कळलं. त्या डब्याच्या पैशांत महिनाभराची नाचणी आली असती, याची हळहळ अजून वाटते. ज्वारी महागली तेव्हा थंडीभर बाजरी खा म्हणालात, तेही ऐकलं.

आणि प्रत्येक वेळी गड्डीवर एक लिंबू. "पानात पिळ, पोरीच्या अंगी लागंल." डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, बरोबर आहे, लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतलं लोह शरीरात जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा नको, एवढी भर त्यांनी घातली.

गोळ्या चालू होत्याच. पण सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.6 आलं, तेव्हा मला आधी तुमचे हिरव्या डागांचे हात आठवले. तो कागद दाखवायला आले तर तुम्ही तो न बघताच लेकीच्या गालाला हात लावलात आणि म्हणालात, "दिसतंय की."

तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून येत्या रविवारी लेकीला घेऊन येते. पत्र तीच वाचून दाखवणार आहे. राजगिऱ्याच्या दोन गड्ड्या बाजूला ठेवा.

तुमची,
जिच्याकडून लिंबाचे पैसे तुम्ही कधीच घेतले नाहीत, ती पोरगी