माहीमच्या फुटपाथवर भेटलेल्या काकूंना

काकू, नाव विचारायचं राहून गेलं म्हणून हे असं जाहीर लिहितोय. अंगारकीच्या आदल्या रात्री अंधेरीहून सिद्धिविनायकला अनवाणी चालत निघालो होतो आणि माहीमला शितळादेवीच्या जरा अलीकडे डाव्या पोटरीत असा गोळा आला की मी फुटपाथवर बसकणच मारली. मित्र दणादण पोटरी चोळायला लागले तर तुम्ही त्यांना बाजूला सारलंत, म्हणालात चोळा नंतर, आधी गुडघा सरळ करू दे त्याला, आणि माझा चवडा धरून नडगीकडे ओढून ठेवलात. मी बोंबलतोय आणि तुम्ही शेजारणीशी निवांत गप्पा मारताय 😄 अर्ध्या मिनिटात दगडासारखी पोटरी सैल पडली.

मग तुम्ही झापलंत ते पण बरोबरच होतं, एरवी स्टेशनचा जिना सोडला तर चालणं नाही आणि आज एकदम एवढं अंतर, स्नायू दमणार नाही तर काय, त्यात दिवसभर घाम गाळून पोटात फक्त दोन कटिंग. मीठ घातलेलं लिंबू सरबत पाजलंत. भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, 30 सेकंद, हे आता रोज झोपायच्या आधी किचनच्या भिंतीला करतो, बायको हसते.

पण खरे आभार बाबांसाठी. मी सहज बोललो की त्यांना पण शिवाजी पार्कला फेरी मारताना गोळा येतो, तर तुम्ही विचारलंत, कधीही येतो की ठरावीक अंतर चाललं की, आणि थांबलं की जातो का? घरी विचारलं तर अगदी तसंच, दरवेळी साधारण तेवढंच चालून दुखायला लागायचं, कट्ट्यावर दोन-तीन मिनिटं बसले की गायब. आम्ही वय झालं म्हणून सोडून देत होतो. डॉक्टरांनी घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजून घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागलं, 0.9 च्या खाली आलं तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची शक्यता, बाबांचं 0.7 निघालं. शुगर आणि 30 वर्षांची सिगरेट, दुसरं काय होणार. गोळ्या सुरू झाल्या, आणि गंमत म्हणजे चालणं बंद नाही तर वाढवायला सांगितलं, दुखेपर्यंत चाला, थांबा, परत चाला.

सिगरेट सुटलीय. तुमचा विषय काढला की बाबा म्हणतात, तिचे आभार तूच मान, मी अजून रागावलोय.